वाफ्या का पळाला

१

वाफ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पळाला. शेपूट पायांत, कान पडलेले, मान खाली. समोरच्या भिंतीतून आरपार गेला आणि पडद्यावर नुसती भिंत उरली. पाहुणीबाईंनी शीळ घालायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वाफ्या येईना. बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचा कुत्रा आमच्यावर रुसला वाटतं."

कोणी हसलं नाही.

'सामसूम' या गेमचे तीन भाग येऊन गेले आणि तिन्ही चालले, ते या कुत्र्याच्या जिवावर. माणसं सोडून गेलेलं एक गाव, त्यात कंदील घेऊन फिरणारी एक मुलगी आणि तिच्या मागे-पुढे वाफेचं बनलेलं एक मेलेलं कुत्रं, एवढीच गोष्ट. वाफ्या किल्ल्या पळवतो, मुद्दाम चुकीच्या दारावर भुंकतो, नकाशा उघडला की त्यावर फतकल मारून बसतो. आणि खरंच जिवावर बेतलं की तुमच्या आधी पुढे होतो. गेम कसा संपला ते लोक विसरतात, पण वाफ्याने आपली कोणती किल्ली पळवली होती ते विसरत नाहीत.

त्या सकाळी आलेले पाहुणे चौथा भाग बाजारात नेणार की नाही ते ठरवणार होते. आणि नेमका त्यांच्यासमोर वाफ्या गायब.

कंपनीच्या मालकाने, म्हणजे थोरल्याने, पाहुण्यांना शेजारच्या खोलीत चहाला नेलं, ज्याला आम्ही चष्मा म्हणतो त्याला त्यांच्यासोबत बसवलं आणि तो स्वतः केबिनमध्ये गेला. पाहुणे गेल्यावर बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, नुसतं एक बोट होतं. ते त्याने वहिनींकडे दाखवलं.

"हे तू केलंस," तो म्हणाला. "वाफ्याला काढायचं ठरवलं म्हणून सूड घेतलास. उद्या दुपारी मी पाहुण्यांना फोन करून कळवणार. वाफ्या बंद. आणि तुझं इथलं कामही बंद."

२

आधी घरातली माणसं सांगते, कारण आमचं ऑफिस म्हणजे एक घरच आहे, आणि घरासारखीच तिथे न बोललेली भांडणं आहेत.

दोन भावांनी ही कंपनी काढली. थोरला बोलणारा, माणसं आणणारा, सह्या करणारा. त्याला आम्ही तोंडावर दादा म्हणतो. धाकटा गप्प. वाफ्या त्याने बनवला. वाफ्याचं भुंकणंही त्याचंच. भिंतींना गाद्या टेकवून, माइकपुढे रांगत, तो स्वतः भुंकला होता, आणि काचेपलीकडे त्याची बायको हसून हसून बेजार होत ते रेकॉर्ड करत होती. तीच ही वहिनी. तिसरा भाग बाजारात यायच्या आधीच धाकटा आजाराने गेला. भुंकणं राहिलं.

आता चौथ्या भागात थोरल्याला वाफ्या नको होता. वाफ्याच्या जागी थोरल्याच्या डोक्यातून निघालेला बोलका कंदील यायचा होता. हा कंदील वाटेत उपदेश करतो. मी तो खेळून पाहिला आहे आणि दुसऱ्याच वळणावर मला तो विहिरीत टाकावासा वाटला. पण पाहुण्यांनी अट घातली होती, आधी कुत्रा दाखवा. म्हणून त्या दिवशी वाफ्या होता.

माझं काम खेळण्याचं. ऐकायला बरं वाटतं. दिवसभर एकाच भिंतीला डोकं आपटत बघायचं, कुठे फट आहे का. चुका काढते म्हणून मला खुसपट म्हणतात. म्हणोत. राग येण्यासारख्या दुसऱ्या बऱ्याच गोष्टी तिथे आहेत, आणि त्यातली एक त्या दिवशी माझ्यासमोर घडली होती. वहिनींनी एवढंच म्हटलं होतं, "मी नाही केलं, भाऊजी." आणि त्या आपल्या आवाजाच्या खोलीत निघून गेल्या होत्या. खोलीभर माणसं, पण एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नव्हता. त्यात मीही होते.

पण त्याआधी मी नुसती बसले नव्हते. पाहुणे चहा पीत होते तेव्हाच मी जाऊन तेच मशीन उघडलं होतं. गेम सुरू झाला तो एवढ्या मोठ्या आवाजात की मी खुर्चीतून उडाले आणि शेजारच्या खोलीत कप आदळल्याचं ऐकू आलं. धावपळ करून आवाज कमी केला. तोच प्रसंग, तोच रस्ता, तीच भिंत. वाफ्या मजेत. मी सगळं करून पाहिलं. चिंध्या उचलल्या, डबे उचलले, हाडूक उचललं, वाफ्याच्या अंगावरून चालत गेले. तो एकदाही पळाला नाही. उलट माझी किल्ली घेऊन ओसरीवर जाऊन बसला.

जी चूक दुसऱ्यांदा होत नाही ती चूक नसते. ती कोणीतरी केलेली असते. हे मला शिकवलं कोणी नाही, भिंतींनी शिकवलं. म्हणजे थोरल्याचं म्हणणंच खरं ठरत होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

मी वहिनींच्या खोलीत गेले. त्या हेडफोन गळ्यात अडकवून नुसत्या बसल्या होत्या.

"वहिनी, तो कसा पळाला ते पाहिलंत?"

"पाहिलं."

"घाबरलेला कुत्रा असा पळत नाही. घाबरला की वाफ्या मुलीच्या पायांत शिरतो."

"हो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती हाकलल्याची चाल आहे. दुसऱ्या भागात त्याला हाकलायची सोय होती, आठवतं? खाणं पळवलं की हाकलायचं, मग शेपूट घालून जायचा. लोकांना ते करवेना. कोणी ते बटण दाबेचना, म्हणून पुढे काढून टाकलं. बटण काढलं, चाल तशीच राहिली."

"मग चौथ्या भागात त्याला हाकलणार कोण?"

वहिनींनी समोरच्या मशीनवर हात ठेवला.

"वाफ्या शब्द ऐकतो. खेळणाऱ्याने वस्तू उचलली की तिचं नाव त्याच्या कानावर पडतं, म्हणून तर किल्ली उचलली की तो लगेच येतो. आणि मला भुंकणं तपासायचं असतं, म्हणून मी इथून त्याच्या कानात हवा तो शब्द सोडू शकते. किल्ली सोडू शकते. हाकलूही शकते." त्या कोरडं हसल्या. "या अख्ख्या ऑफिसात ही सोय फक्त माझ्याच खोलीत आहे, गं."

३

चष्मा हा आमचा प्रोग्रॅमर. खरा चष्मा लावतो, आणि काच पुसताना बोलायला लागला की समजावं, लपवतोय काहीतरी. कंदीलही तोच बनवत होता. वाफ्या गेला तर त्याच्या कंदिलाला जागा. मला वाटलं, सापडला.

"तूच केलंस ना?" मी म्हटलं.

"काय?"

"वाफ्याला हाकललंस. कंदील घुसवायला."

त्याने चष्मा काढला नाही. मला तिथेच कळायला हवं होतं.

"मला तो कंदील आवडतो असं तुला वाटतं? त्याचे संवाद वाचलेस? 'हे पथिके, अंधार बाहेर नसतो.' मी रोज ते ऐकतो आणि घरी जाऊन बायकोशी भांडतो. मला वाफ्या हवाय, बाई. वाफ्या काढला तर सामसूममध्ये सामसूमच उरेल."

"मग तू कुठे होतास?"

"डेमोच्या वेळी तुझ्या शेजारी उभा होतो. नंतर पाहुण्यांसोबत. ते गाडीत बसेपर्यंत मला त्यांनी मुतायलाही सोडलं नाही. कंदील कसा पेटतो, कंदील कसा विझतो. आणि मधेच तू ते संगीत एवढ्या जोरात लावलंस की पाहुणीबाईंनी कपातला चहा मांडीवर सांडला."

"मी लावलं नाही. ते आपोआप लागलं."

"बरं," तो म्हणाला, जसं काही मी लहान मूल आहे.

मला इतकी चीड आली की मी पुढचं विचारलंच नाही. कोणालाही न सांगता जिन्यात जाऊन उभी राहिले. पाय थांबत नव्हते. वर-खाली, वर-खाली. चष्मा नाही. वहिनी नाही, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे काही पुरावा नव्हे, आणि थोरल्याला पुरावा नको असला तरी पाहुण्यांना पटवायला लागणार होता. उरलं कोण? मास्तर. आणि मास्तरांना तर कंट्रोलर कुठून धरतात तेही माहीत नव्हतं.

वहिनी वरून खाली येत होत्या. हातात खोका होता.

"हे काय?"

"माझं सामान. थोडं थोडं नेते. उद्या एकदम न्यायला जमणार नाही."

खोक्यात वर एक जुना माइक होता, फोमचं टोपडं चावल्यासारखं झालेला.

"हा कंपनीचा आहे," मी उगाच म्हटलं.

"याच्यात तो भुंकलाय," त्या म्हणाल्या. "कंपनीने येऊन मागावा."

४

मास्तर आमचे भाषातपासनीस. पडद्यावर जे जे अक्षर दिसतं ते त्यांच्या हाताखालून जातं. माणूस वाईट नाही. पण त्यांच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटते. मी एकदा "पायजे" म्हटलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते, जसं काही कोणी त्यांचा पाय तुडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर बसले. येण्याआधी पुन्हा एकदा वाफ्याचा प्रसंग खेळून पाहिला होता, आणि या वेळी कुत्र्याकडे न बघता अक्षरांकडे पाहिलं होतं.

"मास्तर, चिंधीचं वस्त्रखंड कधी झालं?"

"डेमोच्या दिवशी सकाळी." ते खूश झाले. "पाहुणे मोठे. त्यांच्यापुढे चिंधी?"

"आणि डब्याचं धातुपात्र."

"अर्थात."

"खराट्याचं?"

"संमार्जनी. थोडं जड आहे, पण कानाला गोड."

त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तो ते सारखा उचलत होते आणि न पिता ठेवत होते.

"वाफ्या पळाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मागे, दाराजवळ. मला यातलं काही कळत नाही. तो कुत्रा आला काय, गेला काय. बाईंनी ते... ते हाडूक उचललं, आणि तो गेला."

"काय उचललं?"

"हाडूक. खेळात ते हाडूक असतं ना, ते."

"असतं."

"तेच. हाडूक." ते घाम पुसत म्हणाले. "मला दादांकडे जायचं आहे. तुम्ही नंतर या."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि थबकले, पण मागे वळले नाही. डोक्यात काहीतरी टोचायला लागलं होतं. या माणसाने एका सकाळी चिंधी ठेवली नाही, डबा ठेवला नाही, खराटाही ठेवला नाही. ज्याला माझं "पायजे" सहन होत नाही, त्याच्या तोंडून इतक्या वेळा "हाडूक"? आणि गेममध्ये, वस्त्रखंड आणि धातुपात्र यांच्या मधोमध, ते हाडूक जसंच्या तसं. त्याला हात का नाही लागला?

की लागला होता?

५

पाहुणीबाई आपलं कार्ड मशीनजवळ ठेवून गेल्या होत्या. मी फोन लावला. दुपारी थोरला त्यांना फोन करणार होता, आणि घड्याळ भिंतीवर होतं तिथेच होतं, पण मला ते माझ्या मानेवर बसल्यासारखं वाटत होतं.

"मी त्या ऑफिसातली खुसपट," मी म्हटलं, मग म्हटलं, "चुका तपासते मी. काल तुमच्या मांडीवर चहा सांडला तो माझ्यामुळे."

"डाग गेला नाही," बाई म्हणाल्या. आवाज बरा होता. "बोला."

"वाफ्या पळायच्या आधी तुम्ही नेमकं काय केलंत?"

"काही नाही हो. कुत्र्याला काहीतरी द्यावं म्हणून ते उचललं. तो गेला. मग शीळ घातली, घालत राहिले."

"शीळ घालताना उचललेलं हातातच होतं?"

"हातातच. टाकायचं कसं ते कोणी सांगितलं नव्हतं."

"उचललं तेव्हा पडद्यावर नाव येतं. काय आलं होतं?"

"अहो, त्याचंच तर हसू आलं होतं मला. इतकी मोठी माणसं बसलीयत म्हणून दाबलं." त्या आताही हसल्या. "मी त्या बिचाऱ्यासमोर वाकले, उचललं, आणि पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, हाड."

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "ऐकताय ना? आमच्या घरी कुत्रा आहे. त्याला हाड देताना आम्हीसुद्धा त्याच्यासमोर तो शब्द म्हणत नाही. उठून जातो."

मग दुसरं टोक सुटलं. माझ्याच डोक्यात यायला एवढा उशीर व्हावा याचा मला राग आला, कारण ती तक्रार मीच कधीची करत होते. आमचा गेम नव्याने बांधला, म्हणजे बदल घालून पुन्हा तयार केला, की आधी ठरवलेला आवाज विसरतो. पहिल्यांदा उघडलात की संगीत छप्पर फाडतं. डेमोआधी वहिनींनी त्या मशीनचा आवाज स्वतः बेताचा केला होता. आणि चहाच्या वेळी मी उघडलं तेव्हा छप्पर फाटलं होतं. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी गेम नव्याने बांधला होता.

मास्तर शब्द बदलू शकतात. पण बदललेला शब्द पडद्यावर यायचा तर गेम बांधावा लागतो, आणि बांधायची मुभा ऑफिसात दोघांनाच आहे. एक चष्मा. तो तेव्हा पाहुण्यांना कंदील पेटवून दाखवत होता.

६

मी सगळ्यांना डेमोच्या खोलीत बोलावलं. थोरला आला तो मोबाइल हातात घेऊनच.

"पटकन बोल. मला फोन करायचाय."

"त्याआधी एक खेळ बघा, दादा."

चष्म्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने एक शब्द बदलला होता, एकच, आणि गेम नव्याने बांधला होता. मी मशीन सुरू केलं. संगीत दणदणलं. थोरल्याने कपाळाला आठ्या घातल्या, मास्तर खाली बघायला लागले. आवाज कमी करून मी मुलीला त्या भिंतीपर्यंत नेलं. वाफ्या आला, जीभ बाहेर काढून बसला. मी वाकले. उचललं.

पडद्यावर आलं, हाड.

वाफ्याचे कान पडले. शेपूट पायांत गेलं. तो भिंतीतून निघून गेला. मी शीळ घातली. घालत राहिले. मग हातातलं खाली टाकलं आणि पुन्हा शीळ घातली. तो भिंतीतून आधी नाक काढून, मग सगळा, परत आला.

वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मागची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"याला कोणी हाकललं नाही," मी म्हटलं. "याला हाड दिलं. धाकट्या भाऊंनी त्याला शिकवलं होतं की हाड म्हटलं की निघून जायचं. म्हणून त्यांनीच खेळातल्या हाडाचं नाव हाडूक ठेवलं. एवढा विचार त्यांनी केला होता. हातात हाड असेपर्यंत वाफ्याच्या कानात 'हाड, हाड' चालूच राहणार, मग कितीही शीळ घाला. मास्तर, तुम्ही चिंधीचं वस्त्रखंड केलंत. हाडकाचं अस्थी का नाही केलंत?"

मास्तर म्हणाले, "अस्थी अशुभ वाटलं."

चष्म्याच्या घशातून कसला तरी आवाज निघाला. त्या माणसाने आयुष्यात एकदाच साधा शब्द निवडला होता, आणि तोच नडला होता.

"हाडूक मला गावंढळ वाटलं," मास्तर पुढे बोलायला लागले, आणि आता त्यांना थांबवता येत नव्हतं. "तो पळाल्याबरोबर मला कळलं. त्या क्षणाला. मी लगेच गेलो आणि सांगितलं, की माझी चूक झाली, मी बाईंची माफी मागतो. तर मला म्हणाले..."

"पुरे, मास्तर," थोरला म्हणाला.

"...मला म्हणाले, शब्द परत पहिल्यासारखा करा आणि तोंड बंद ठेवा."

"बरं, मीच बांधला गेम," थोरला म्हणाला. तो बसला नाही, भिंतीलाही टेकला नाही. "चूक सापडली, दुरुस्त केली. माझी कंपनी आहे. दुरुस्ती करणं हा गुन्हा आहे?"

"दुरुस्ती केलीत ती चांगली केलीत. पण त्यानंतर तुम्ही बाहेर आलात, दादा. हे सगळं माहीत असताना बाहेर आलात आणि वहिनींकडे बोट दाखवलंत."

"तू नोकर आहेस इथे."

"आहे. काढा मला. काढताना कारण तेवढं खरं लिहा."

तो माझ्याकडे बघत नव्हता. पडद्याकडे बघत होता. कंट्रोलरला कोणी हात लावला नाही की वाफ्याला कंटाळा येतो. तो मुलीभोवती एक फेरी मारतो, खाली बसतो आणि भुंकतो. तो भुंकला.

थोरल्याने झटक्यात पुढे होऊन आवाज बंद केला.

"हे," तो म्हणाला. "हे रोज. या मशीनवर, त्या मशीनवर, जेवताना, मीटिंगमध्ये. तो गेला आणि मी रोज सकाळी दार उघडतो तर तो भुंकतोय. कुठूनही. लहानपणी आई ओरडली की हा असाच पलंगाखाली जाऊन भुंकायचा, मला हसवायला. तुम्हाला तो कुत्रा वाटतो. मला काय वाटतं ते एकाने तरी विचारलं का?"

मला त्याची कीव आली, आणि आली म्हणून अजूनच राग आला. दुःख त्याचं होतं, म्हणून काय त्याची किंमत दुसऱ्याने भरायची? तेही तिने, जिने ते भुंकणं तारखेवार जपून ठेवलं होतं?

मी हे बोलणार होते. पण वहिनी आधी बोलल्या.

"भाऊजी, मी भिंतीपलीकडे बसून दिवसभर तेच ऐकते. कानाला लावून. तुम्ही एकदा दार उघडून आत आला असतात तर मी सांगितलं असतं की मलाही सहन होत नाही. तुम्ही आला नाहीत. त्याला घरातून काढायला निघालात, आणि बरोबर मलाही." त्या थांबल्या. "फोन करणार होतात ना? करा. आत्ता, इथे. आवाज मोठा ठेवून."

तो बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिला. मला वाटलं, हा आता निघून जाईल, आणि गेला असता तर त्याला अडवणारं तिथे कोणी नव्हतं. त्याने नंबर लावला.

"बाई, कालचं सांगायला फोन केला. कुत्रा पळाला ती आमच्या शब्दाची चूक होती. साधी चूक. मला ती कालच कळली होती." त्याने मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. "आणि मी ती माझ्या भावजयीवर ढकलली. तिचा काही संबंध नव्हता."

मग बाई म्हणाल्या, "ते तुमच्या घरातलं तुम्ही बघा. मला एकच सांगा. चौथ्या भागात तो आहे की नाही?"

थोरल्याने मान वर केली. वहिनींकडे पाहिलं. मग हात लांब करून मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "यांना विचारा," तो म्हणाला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच तो तिच्याबद्दल बोलला आणि बोट दाखवलं नाही.

"आहे," वहिनी म्हणाल्या.

फोन बंद झाला. मास्तर उठून वहिनींसमोर गेले, हात जोडायला लागले, वहिनींनी नुसतीच मान हलवली, तेवढंच. चष्मा म्हणाला, "मग कंदिलाचं काय करू?" आणि कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून खूश होऊन निघून गेला.

वहिनी आवाजाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "चौथ्या भागाला नवीन भुंकणं लागेल. न वापरलेलं पुष्कळ पडून आहे, त्यातून निवडायचंय. मी इतके दिवस उघडलं नाही. एकटीने ऐकवत नाही."

तो जागचा हलला नाही. मी मनात म्हटलं, गेला नाहीस तर तुझं नाव टाकलं. मग तो हलला. जाताना माझ्याजवळून गेला, पण माझा राग अजून गेलेला नव्हता आणि तो जावा अशी माझी इच्छाही नव्हती.

दार लागलं. आत धाकटा भुंकायला लागला.